पुढे काय करणार?

मराठी शिकवणाऱ्या माणसाने आइसलंडबद्दल लिहायला घ्यावे, याचे आमच्या घरी कुणालाच आश्चर्य वाटले नाही. “तुम्हांला पेपर तपासायचे असले, की कुठलाही देश जवळचा वाटतो,” एवढेच सौ. म्हणाली, आणि चकलीच्या भाजणीकडे वळली.

तिच्या बोलण्यात तथ्य आहे. आइसलंडशी माझी ओळख पेपर तपासतानाच झाली. रात्री गठ्ठा पुढे घेऊन बसलो, की कानांना काहीतरी सोबत लागते. शब्द असलेले गाणे चालत नाही. कवीचे शब्द आणि विद्यार्थ्याचे शब्द एकमेकांत मिसळतात आणि गुण भलत्यालाच पडतात. म्हणून मुलीने एकदा माझ्या फोनवर पियानो लावून दिला. बाख या जर्मन रचनाकाराची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ नावाची रचना होती. सुरुवातीला एक साधी धून, मग तिची तीस रूपे, आणि शेवटी पुन्हा तीच धून. विलंबित ख्याल ऐकून ज्याचा कान तयार झाला आहे, त्याला हा प्रकार फार परका वाटत नाही. त्या रात्री पेपर तीनच तपासून झाले. वाजवणाऱ्याचे नाव पाहिले, तर विकिंगुर ओलाफसन, जन्म १९८४, गाव रेक्याविक. २०२३-२४ च्या हंगामात या गृहस्थाने हीच एक रचना जगभर हिंडून वाजवली आणि पुढे २०२५ साली त्याला तिच्या ध्वनिमुद्रणासाठी ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

रेक्याविक ही आइसलंडची राजधानी, एवढे शाळेतल्या भूगोलावर आठवत होते. बाकीचे मी नंतर वाचून काढले. देशाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे एक-तृतीयांश. त्यातले बरेचसे बर्फाने, लाव्ह्याने आणि वाऱ्याने व्यापलेले. माणसे सारी मिळून चार लाखांच्याही आत. आमच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची वस्ती २०११ च्या जनगणनेत पाच लाख भरली होती. म्हणजे एका मिरज-सांगलीपेक्षा लहान असा हा देश, आणि त्याला स्वतःचा ऐंशी-नव्वद वादकांचा वाद्यवृंद, स्वतःचे संगीतगृह आणि जगात नाव काढणारे पियानोवादक, गायक, रचनाकार. मिरजेची तंतुवाद्ये आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची आठवण ठेवणाऱ्या माणसालासुद्धा हे गणित सहज सुटत नाही. मी ते सोडवायला बसलो.

आधी नावांविषयी दोन शब्द, कारण पुढे ती बरीच येणार आहेत. आइसलंडमध्ये आडनाव ही गोष्ट जवळजवळ नाहीच. बापाच्या नावापुढे मुलाला ‘सन’ आणि मुलीला ‘दोत्तिर’ लावतात. ओलाफचा मुलगा ओलाफसन, थोर्वाल्डची मुलगी थोर्वाल्ड्सदोत्तिर. म्हणजे आपल्या तीन नावांतले मधले नाव तेवढे त्यांनी ठेवले आणि कुळाचे टाकून दिले. टेलिफोनच्या यादीतसुद्धा माणूस स्वतःच्या नावाने सापडतो. लग्ने जमवणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींची तिकडे मोठी पंचाईत होईल.

आता मुद्द्याची गोष्ट. या देशाला संगीताची जुनी परंपरा असेल आणि तिच्यातून हे कलावंत आले असतील, असे मला आधी वाटले होते. पण तसे फारसे दिसेना. शब्दांची परंपरा आहे, आणि ती मोठी आहे. त्यांच्या सागांविषयी मराठीच्या प्राध्यापकालाही आदर वाटावा. हिवाळ्याच्या लांब रात्री घरातली माणसे लोकर विंचरत, सूत काढत बसत आणि एकजण ‘रीमूर’ म्हणजे लांबलचक कथाकाव्ये चालीवर म्हणून दाखवी. दोघांनी एकमेकांपासून ठराविक अंतरावरच्या सुरांत गाण्याचीही एक जुनी रीत होती. पण वाद्ये म्हणाल तर दोन-तीन तारांची ओबडधोबड एकदोन. रेक्याविकच्या मुख्य चर्चमध्ये पहिला पाइप ऑर्गन आला तो १८४० साली. खेड्यापाड्यांतल्या चर्चमध्ये आणि बऱ्या स्थितीतल्या शेतकऱ्यांच्या घरी पुढे पायाने भाता हलवायची पेटी पोहोचली. ही पेटी आपल्याला चांगली ओळखीची आहे. संगीत नाटकाच्या रंगमंचापुढे बसून ज्या ऑर्गनने आपल्या आजोबांना रात्र-रात्र जागवले, त्याच जातीचे हे वाद्य. तिकडे त्यावर स्तोत्रे वाजत, इकडे नाट्यपदे. सिग्लुफ्योर्दुर या उत्तरेकडच्या मासेमारीच्या गावी ब्यार्नी थोर्स्टेन्सन नावाचे पाद्री होते. त्यांनी आयुष्यातली कित्येक वर्षे खर्चून देशभरच्या चाली गोळा केल्या आणि १९०६ ते १९०९ या काळात त्या छापल्या. नाहीतर त्यातल्या बऱ्याचशा म्हाताऱ्या माणसांबरोबरच गेल्या असत्या.

अशा देशातल्या एखाद्या मुलाला संगीतावरच जगायचे असेल, तर त्याने काय करायचे? देश सोडायचा. स्वेनब्योर्न स्वेनब्योर्नसन यांनी तेच केले. ते शिकलेले धर्मशास्त्र. घरच्यांच्या दृष्टीने पाद्र्याची नोकरी ठरलेलीच होती. पण ते कोपनहेगनला गेले, एडिंबरोला गेले, लाइप्झिगला जाऊन शिकले, आणि अखेर एडिंबरोमध्ये पियानोच्या शिकवण्या करत स्थायिक झाले. १८७४ साली आइसलंडच्या वसाहतीला हजार वर्षे झाली, तेव्हा माथियास योखुमसन या कवीच्या स्तोत्राला त्यांनी एडिंबरोतच चाल लावली. तेच पुढे आइसलंडचे राष्ट्रगीत झाले. देशाचे राष्ट्रगीत परदेशातल्या एका भाड्याच्या खोलीत तयार व्हावे, याचे कारण एवढेच, की ते करू शकणाऱ्या माणसाला देशात पोट भरता येत नव्हते. त्या चालीचा पल्ला इतका मोठा आहे, की सामान्य माणसाचा आवाज वरच्या सुरांना पुरत नाही, अशी तक्रार तिकडे अजून ऐकू येते. घराबाहेर राहणाऱ्या माणसाची आठवण नेहमीच जरा वरच्या पट्टीत असते.

त्यांच्यानंतरचे योन लेइफ्स. १९१६ साली, ऐन महायुद्धात, सतराव्या वर्षी ते लाइप्झिगला गेले आणि जवळजवळ तीस वर्षे परदेशात राहिले. १९२६ साली हँबर्गचा वाद्यवृंद घेऊन ते मायदेशी आले, तेव्हा आइसलंडच्या लोकांनी पूर्ण वाद्यवृंद पहिल्यांदा कानांनी ऐकला. आमच्याकडे त्या वेळी बालगंधर्वांची नाटके चालू होती, एवढे लक्षात घेतले म्हणजे काळाचा अंदाज येतो. लेइफ्सना आइसलंडचे स्वतःचे संगीत घडवायचे होते. ज्वालामुखी, उकळते झरे, सागांतले वीर हे सारे त्यांना सुरांत हवे होते. लोकांना ते पेलले नाही. १९४१ साली बर्लिनमध्ये त्यांची रचना चालू असताना श्रोते उठून गेले. त्यांची पत्नी ज्यू घराण्यातली, पियानोवादक. नाझी राजवटीत ते कुटुंब कसे दिवस काढत असेल याची कल्पनाच करावी. १९४४ साली ती मंडळी स्वीडनला निसटली. पुढे १९४७ साली त्यांची मुलगी लीफ समुद्रात पोहताना बुडाली. तिच्यासाठी त्यांनी रचलेले छोटेसे ‘रेक्विएम’ मी ऐकले आहे. नुसते मानवी आवाज, पाच-सहा मिनिटांचे. ते संपल्यावर पेपराचा गठ्ठा बाजूला ठेवून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो. १९६८ साली लेइफ्स गेले, तेव्हा त्यांच्या कित्येक मोठ्या रचना एकदाही वाजल्या नव्हत्या.

देश सोडून नाव मिळवणे आणि देशात राहून न मिळवणे, या दोन वाटांखेरीज तिसरी वाट निघाली ती १९३० साली. त्या वर्षी आइसलंडच्या संसदेला, म्हणजे ‘आल्थिंग’ला, हजार वर्षे पूर्ण झाली. समारंभासाठी वाद्यवृंद हवा, गायकवृंद हवा, अशी धावपळ झाली आणि आपल्याकडे शिकलेली माणसे किती थोडी आहेत हे सगळ्यांना दिसून आले. त्याच वर्षी रेक्याविकची संगीतशाळा निघाली. पहिले प्राचार्य पॉल इसोल्फसन. दक्षिण किनाऱ्यावरच्या स्टोक्सेरी या कोळ्यांच्या गावातले, लाइप्झिगला जाऊन ऑर्गन शिकून आलेले. बाखने ज्या चर्चमध्ये आयुष्याची सत्तावीस वर्षे काढली, त्या चर्चच्या ऑर्गनवर साहाय्यक म्हणून बसलेला हा माणूस परत आला आणि १९५७ पर्यंत त्याने ती शाळा चालवली. तो जर्मनीतच राहता, तर बरे चालले असते. अशी परत येणारी माणसे प्रत्येक छोट्या देशाच्या नशिबी थोडीच असतात.

मग युरोपात हिटलर आला आणि त्याच्या जाचाने तीन माणसे या बेटावर येऊन पोहोचली. बर्लिनचे रोबेर्ट आब्राहाम, फ्रायबुर्गचे हाइन्स एडेलस्टाइन आणि व्हिएन्नाचे व्हिक्टर उर्बान्‌चिच. आइसलंडचे दार तेव्हा फारसे उघडे होते असे नाही. कित्येक निर्वासितांना त्यांनीही परत लावले. बाहेरच्या वादकांना कामे मिळू नयेत अशी स्थानिक वादकांची ओरडही होती. या तिघांना राहू दिले ते शिकवणाऱ्या माणसांची गरज होती म्हणून. उर्बान्‌चिच यांनी १९४३ साली बाखचे ‘सेंट जॉन पॅशन’ बसवले, तेही जर्मन शब्दांऐवजी आइसलंडी स्तोत्रांचे शब्द घालून. आपल्या देशातून हाकललेल्या माणसाने त्याच देशातले सर्वांत प्रिय संगीत परक्या लोकांना त्यांच्या भाषेत देण्यासाठी किती रात्री बसावे! आब्राहाम यांनी नागरिकत्व घेतले आणि रिवाजाप्रमाणे बापाचे नाव लावून ते ओटोसन झाले. १९५० साली आइसलंडचा राष्ट्रीय वाद्यवृंद उभा राहिला. चाळीसएक वादक, त्यातले काही परदेशातून आणलेले. त्याच्या पहिल्या कार्यक्रमाचे संचालन या ओटोसन यांनी केले. एडेलस्टाइन यांनी १९५२ साली लहान मुलांसाठी संगीतशाळा काढली. हसतखेळत सूर-ताल शिकवायचे, वाद्य नंतर हाती द्यायचे, अशी तिची पद्धत. ब्योर्क या गायिकेचे नाव तरुण वाचकांना माहीत असेल. ती सहाव्या वर्षापासून दहाएक वर्षे याच शाळेत शिकली.

इथवरची कथा ही मोठ्या माणसांची. मला खरे कुतूहल होते ते लहान माणसांचे. म्हणजे ज्यांचे नाव जगात होणार नाही, पण ज्यांना याच विद्येवर घर चालवायचे आहे त्यांचे. त्याला निमित्तही तसेच घडले.

माझ्या वर्गातली एक मुलगी व्हायोलिन वाजवते. बरी नव्हे, चांगली वाजवते. गेल्या वर्षी तिचे वडील मला भेटायला स्टाफरूममध्ये आले. बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले, सरळ माणूस. म्हणाले, “सर, ती तुमचे ऐकते. तिला म्हणावे, बी.एड. कर, नाहीतर स्पर्धा परीक्षांना बस. व्हायोलिन काय, संध्याकाळी वाजवता येईल. नुसते व्हायोलिन घेऊन पुढे काय करणार?”

हा ‘पुढे काय’ आपल्या घराघरांतला प्रश्न आहे. तो विचारणारा बाप दुष्ट नसतो. त्याने महिन्याच्या पंचवीस तारखेनंतरचे दिवस पाहिलेले असतात. मी त्यांना आइसलंडची हकीकत सांगितली. चहा दोनदा मागवला.

मी म्हणालो, तिथे ऐंशीहून अधिक संगीतशाळा आहेत. चार-पाचशे वस्तीच्या गावीसुद्धा पियानो शिकवणारा एखादा असतो. १९६३ साली सरकारने कायदा करून या शाळांच्या खर्चाचा वाटा उचलला; पुढे शिक्षकांच्या पगाराची सोय झाली आणि आता तो भार मुख्यतः नगरपालिकांकडे आहे. आईबापांनाही फी भरावी लागतेच, पण ती पूर्ण खर्चाच्या मानाने थोडी. मुलाला प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च अशा तीन परीक्षा द्याव्या लागतात, आणि त्या देशभर सारख्याच मापाच्या असतात. त्यापुढे २००१ पासून रेक्याविकच्या कला अकादमीत पदवी मिळते. त्याआधी पदवीसाठी बाहेर जावेच लागे, आणि अजूनही बहुतेक जातात. पण परदेशी शिकायला सरकारी कर्ज मिळते. शिकून परत आले, म्हणजे एकाच नोकरीवर कुणाचे भागत नाही. सकाळी संगीतशाळेत शिकवायचे, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन, आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी गायकवृंदाची तालीम, आणि मधे वाद्यवृंदात बोलावणे आले तर ते. उत्तरेकडे अकुरेयरी गावच्या वाद्यवृंदाने परदेशी चित्रपटांचे पार्श्वसंगीत ध्वनिमुद्रित करून देण्याचा धंदाही चांगला जमवला आहे. रचनाकाराला किंवा वादकाला सरकारकडे अर्ज करून काही महिन्यांचे कलावंत-वेतनही मिळू शकते. क्रिस्तिन सिग्मुंड्सन या गायकाचे उदाहरण मी मुद्दाम सांगितले. ते शाळेत जीवशास्त्र शिकवत. बेडकाची फाडाफाड शिकवता-शिकवता गाणे शिकले, मग व्हिएन्नाला गेले, आणि पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात गायले.

वडिलांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “सर, तिथे मागे नगरपालिका आहे. इथे मागे मी आहे.”

यावर मला उत्तर सुचले नाही, आणि आजही सुचत नाही. त्या गृहस्थांनी माझ्या दोन चहांच्या व्याख्यानाचा सारांश दोन वाक्यांत सांगितला होता. मी एवढेच म्हणालो, की तिला दोन वर्षे द्या. त्यांनी एक दिले. ती सध्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये अकरा मुलांना शिकवते आणि आठवड्यातून तीनदा स्वतःच्या गुरूंकडे जाते. अकरांतली चार मुले फी वेळेवर देतात, असे तिने मला हसत सांगितले. वर्ष येत्या जूनमध्ये संपते.

तिकडेही सारे गोडच आहे असे कुणी समजू नये. २०१४ साली तिथल्या संगीतशिक्षकांनी पगारासाठी संप केला आणि तो कित्येक आठवडे चालला. राष्ट्रीय वाद्यवृंदाला स्वतःचे घर नव्हते. १९६१ पासून पन्नास वर्षे त्याने विद्यापीठाच्या सिनेमागृहात कार्यक्रम केले. अखेर बंदरावर मोठे संगीतगृह बांधायला घेतले, तर २००८ साली देशाच्या बँकाच बुडाल्या. अर्धा सांगाडा समुद्राकडे तोंड करून उभा. ते तसेच सोडून द्यावे, असे म्हणणारे पुष्कळ होते, आणि ज्याची नोकरी गेली आहे त्याने ते म्हणावे हे स्वाभाविकच आहे. सरकार आणि शहर यांनी मिळून ते पुरे करायचे ठरवले. २०११ च्या मे महिन्यात ‘हार्पा’ उघडले. त्या दिवशी ग्रीगचा कन्चेर्टो वाजवला तो सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या विकिंगुर ओलाफसनने, आणि संचालन केले व्लादिमिर अश्केनाझी यांनी. हे मूळचे रशियन पियानोवादक. मॉस्कोत शिकायला आलेल्या थोरुन योहान्सदोत्तिर या आइसलंडी मुलीशी त्यांनी लग्न केले आणि १९७२ साली ते आइसलंडचे नागरिक झाले. जावई म्हणून आलेला माणूस घरचा कर्ता व्हावा, तसे त्यांचे झाले.

आणि सगळे परत येतात असेही नाही. हाफ्लिदी हाल्ग्रिमसन हे अकुरेयरीचे चेलोवादक आणि रचनाकार एडिंबरोतच राहिले. स्वेनब्योर्नसन यांच्याच गावी. आन्ना थोर्वाल्ड्सदोत्तिर हिच्या रचना आज मोठमोठे वाद्यवृंद वाजवतात. ती इंग्लंडमध्ये राहते. हिल्दुर गुद्नादोत्तिर हिला २०२० साली ‘जोकर’ चित्रपटाच्या संगीतासाठी ऑस्कर मिळाले. ती बर्लिनला शिकली आणि तिथलीच झाली. चार लाखांचा देश एवढ्या माणसांना पुरेसे काम देऊ शकत नाही. फरक इतकाच पडला, की स्वेनब्योर्नसन गेले ते काही नसताना गेले, आणि या मुली सगळे शिकून गेल्या.

या सगळ्यांच्या घरची माहिती वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. विकिंगुरची आई पियानोशिक्षिका, वडील आर्किटेक्ट आणि रचनाकारही. हिल्दुरचे वडील क्लॅरिनेट वाजवणारे, आई गायिका. आन्नाची आई बोर्गार्नेस या छोट्या गावातली संगीतशिक्षिका. म्हणजे १९३० ची शाळा, ते तीन निर्वासित, १९६३ चा कायदा, या सगळ्यांतून एकदम मोठे कलावंत निघाले नाहीत. आधी निघाले ते शिक्षक. गावोगावचे, साधे, दिवसाला सहा-सात मुलांची बोटे सरळ करणारे. त्यांना बेताचा पगार मिळाला, त्यांची लग्ने झाली, घरात एक वाद्य आले आणि त्या वाद्याखाली खेळणारी मुले मोठी झाली. ‘पुढे काय’ याचे उत्तर तिथे एका पिढीने दिलेच नाही. दोन-तीन पिढ्यांनी मिळून दिले.

आपल्याकडे नगरपालिकांनी हे केव्हा करावे, हा प्रश्न दिवाळी अंकात सुटणारा नाही. पण फराळाला येणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी अशी एखादी मुलगी शिकवत असेल. आपला नातू तिच्याकडे जात असेल, तर महिन्याची पाच तारीख उजाडण्याआधी तिची फी पोहोचती करावी. उशीर झालाच, तर निदान “व्हायोलिनशिवाय आणखी काय करता?” असे तरी तिला विचारू नये.